सोमवारचं मौन

"आज एवढी ही नेसा, इंदुबाई," म्हणत डॉक्टरांच्या बायकोनं, वहिनींनी, तपकिरी साडी पुढे केली. झाडलोट करणाऱ्या बायकांची साडी. "तपासणीचे साहेब जाईपर्यंतच. तुमचं मौन आहे, ठाऊक आहे मला. नुसती मान हलवा."

इंदुबाईंनी मान हलवली.

पेणच्या त्या लहानशा इस्पितळात त्या आल्या तेव्हा वहिनी अजून लग्न होऊन आलेल्याही नव्हत्या. इंदुबाई कासूकडच्या मिठागरावरच्या. डॉक्टरांनीच त्यांना नाडी बघायला, सुई द्यायला शिकवलं, पांढरी साडी दिली आणि पहिल्याच दिवशी "सिस्टर" अशी हाक मारली. खाडीपट्टीत आता त्यांचं नाव फारसं कुणाला आठवत नाही. सिस्टरबायच म्हणतात.

श्रावणातल्या सोमवारी त्या उजाडल्यापासून बोलत नसत. दुपारी औषधांच्या कपाटावरच्या गणपतीला नैवेद्य दाखवला की मौन सुटे. मग पहिला शब्द देवाचा आणि दुसरा ज्याला सर्वांत जास्त दुखतंय त्याचा, असा त्यांचा नेम. यंदा मौनाला मागणंही जोडलं होतं. सरकारी विमा योजनेत आपला दवाखाना येऊ दे. खाडीवरची माणसं कार्ड घेऊन लांबच्या इस्पितळांत खेपा घालतात, त्यांचं इथंच होऊ दे.

योजनेबरोबर तिचे नियमही आले. नोंदणी झालेली परिचारिका हवी. म्हणून रोह्याच्या अष्टमीहून मालू आली, नवी, शिकलेली. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "सिस्टर, ती नियमापुरती. तुमची जागा तुमचीच. माझा शब्द आहे." इंदुबाईंनी त्या दिवशी गणपतीला दुर्वा जास्त वाहिल्या.

तपकिरी साडी नेसून त्या वॉर्डात गेल्या तशी खाटेवरची पुतळी उठून बसली. पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार झाली होती. योजना मंजूर झाली की तिचंच ऑपरेशन पहिलं व्हायचं होतं.

"ह्ये काय गो, सिस्टरबाय? झाडूवाली झालीस काय?"

इंदुबाई हसल्या. उशी सारखी करून तिला हातानंच विचारलं, दुखतंय का?

"दुखतंय तं. पन तुला बगून हसायला येतंय, त्यानं आनखी दुखतंय."

साहेब आले. खाटा पाहिल्या, ऑपरेशनची खोली पाहिली. मालू नव्या टोपीत ताठ उभी होती. साहेबांची नजर कोपऱ्यात फडकं घेऊन उभ्या असलेल्या इंदुबाईंवर गेली.

"या बाई कोण? रुग्णांना हात लावतात का?"

इंदुबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"छे छे! सफाईला आहे ती. जन्माची मुकी. कुणी नाही तिला, दया आली म्हणून ठेवली."

साहेब विरघळले. मुकीला ऐकूही येत नसावं अशा समजुतीनं वाकून मोठ्यानं ओरडले, "छान! छान काम करता!"

पुतळी ताडकन उठली. "मुकी? अवो साएब, ही मुकी नाय..."

इंदुबाई झटकन खाटेशी गेल्या, तिच्या ओठांवर हात ठेवला आणि दुसरा हात तिच्या दुखऱ्या कुशीवर. पुतळीला समजलं. तिचे डोळे भरून आले.

"हिला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कळ आली असेल," डॉक्टर म्हणाले.

साहेब जाताना पायरीवरच होकार देऊन गेले. डॉक्टर पेढे घेऊन आले. इंदुबाईंनी त्यातला एक गणपतीपुढे ठेवला, हात जोडले. मनातल्या मनात नमस्कार केला.

"सुटलं ना मौन? बोला आता, सिस्टर!" डॉक्टर खुशीत होते. "खरं सांगू? तपासणीला सोमवार मीच मागून घेतला. दुसऱ्या वारी विचारलं असतं तर तुम्ही काही खोटं बोलला नसता. देवानंच सोय केली म्हणायची."

इंदुबाई पेढ्याकडे पाहत राहिल्या.

"आता उद्यापासून वॉर्डात मालू. हे तपासणीवाले पुढे न सांगताही येतात हो, नियम कडक आहेत. तुम्ही खाली कपड्यांचं बघा. पगाराला हात लावणार नाही. आणि हो," त्यांनी आवाज हळू केला, "साहेब परत आले तर तेवढं मुकंच राहायचं."

ते गेले. इंदुबाईंनी देवाचा शब्द उच्चारलाच नाही. फडकं पिळलं, खिडकीवर वाळत घातलं आणि पुतळीच्या खाटेशी आल्या.

"मंजूर झालं काय गो?" पुतळीनं हळूच विचारलं.

"झालं," इंदुबाई म्हणाल्या. सकाळपासूनचा पहिला शब्द. "आता बरी होशील. आनि ही मालू हाय ना, तिला सिस्टर म्हनायचं."

"आनि तुला?"

"मना इंदू म्हन."

 पुतळीनं इंदुबाईंचा पदर मुठीत धरून ठेवला. तपकिरी साडीचा, जाड सुताचा.

ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टरांची रोजच्यासारखी हाक आली, "सिस्टर!"

इंदुबाईंचं पाऊल उचललं. पदर पुतळीच्या मुठीत ताणला गेला. मग त्या खाटेला लागून बाजूला झाल्या आणि त्यांनी मालूला वाट दिली.