बुबुसारा एजेला वारा लागतो

कोचकोर गावाला तिसऱ्यांदा निघालो ते न बोलावता. मनात पाल चुकचुकली म्हणून.

बुबुसाराला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणतात. ती घोड्याच्या मांसाची चुचुक, म्हणजे आतड्यात भरलेली सॉसेजं करून विकते. घरामागे दोन खोल्या आणि एक थंड खोली, एवढाच कारभार. शनिवारी तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या वर्षाचं जेवण. दोनशे पाहुणे येणार, अख्खा घोडा कापून आत टांगलेला, आणि आज गुरुवार. मांस नासलं तर एजेचं नाक कापलं जाणार, आणि मशीन बसवणारा मी, म्हणजे माझंही.

पहिल्या खेपेला सगळं नीट लावून दिलं होतं. एक सेन्सर पंख्याकडे परत येणाऱ्या हवेत, दुसरा गार नळ्यांवर, दोन्ही दाराजवळच्या डबीला जोडलेले; आतली हवा तापली की डबी बोंबलते. नळ्यांवरचा बर्फ वितळवून झाला की त्या पुन्हा थंड होईपर्यंत पंखा थांबेल, एरवी फिरत राहील. चार दिवसांत फोन: "ओरोझाली, तुझं यंत्र बोंबलतंय." जाऊन पाहतो तर पंख्याचं बटण बंद! चालू केलं, समजावलं, तीन वाट्या चहा रिचवला, परतलो.

आज डबीवर आकडा होता एक अंश. हायसं वाटलं. मग मांसात थर्मामीटरची सुई खुपसली. सात! वर पाहिलं तर पंखा बंद, नळ्यांवर वीतभर बर्फ, आणि हवेतला सेन्सर त्याच बर्फात खोचून वरून चिंधीने बांधलेला.

"एजे, हे कुणी केलं?"

"मी. बोंबलायचं थांबलं की नाही?"

"ताप आलेल्याचा थर्मामीटर बर्फात बुडवायचा आणि म्हणायचं, ताप उतरला! पंखा का बंद केलात?"

"वारा लागतो."

"कुणाला, घोड्याला? तो मेलाय, एजे!"

चुचुक टांगत असलेली तिची सून तुर्सुनाय ओढणीत तोंड घालून हसली.

"दात काय काढतेस? चहा टाक जा," एजे खेकसली. सून बाहेर गेली.

माझं डोकं फिरलं होतं. "इथे काम करणाऱ्या सुनेला वारा सोसत नसेल तर चार दिवस घरात बसवा. पण परवा दोनशे माणसांपुढे हे वास मारणारं वाढणार आहात का?"

एजेने दार लोटलं.

"बसवली तर शेजारणी विचारतील, का बसवली. नजर लागायला तेवढं पुरतं." तिचा आवाज अगदी खाली आला. "तिसरा महिना असावा. आधीची दोन गेली. यावेळी तिने मलासुद्धा सांगितलेलं नाही, भितेय बिचारी. मीही विचारलं नाही. दिवसभर त्या पंख्याखाली उभी असते, कमरेला वारा घेत."

"आणि मांस?"

"नासलं तर दुसरा घोडा कापीन. नाहीच मिळाला तर पाहुण्यांपुढे हात जोडीन. माझा म्हातारा रागावणार नाही. त्यालाही नातू हवाच होता."

मला माझीच लाज वाटली. तीन खेपा घातल्या, आणि वारा कुणाला लागतो हे विचारलं तेही टोमणा मारायला.

बर्फ वितळवला, सेन्सर जागेवर नेला. मग आतल्या दिव्याची तार डबीला जोडली आणि तसं सेटिंग केलं: दिवा लागला की पंखा थांबेल, विझला की फिरेल.

"पण एका वेळी वीसच मिनिटं आत राहायचं," मी बजावलं.

एजे स्वतः आत गेली, दिवा लावला आणि डोक्यावरचा रुमाल काढून पंख्याखाली उभी राहिली. बराच वेळ. "थांबला," ती म्हणाली.

तेवढ्यात तुर्सुनाय चहा घेऊन आली.

"चहा आणतेस की चहाचा मळा लावून येतेस? आणि ऐक, वीस मिनिटांच्या वर आत दिसलीस तर तंगडी मोडीन!"

"बरं, आपा," सून सासूला म्हणाली.

सुई सातावरून पाचावर उतरेपर्यंत मी हललो नाही. मग हत्यारं आवरली. फाटकापर्यंत तुर्सुनाय सोडायला आली. इकडेतिकडे बघत, थोरल्या भावाला सांगावं तसं हळूच म्हणाली, "बायके, रागावू नका हं त्यांच्यावर. आपांची कंबर दुखते, वारा सोसत नाही. कबूल करत नाहीत एवढंच. आता आत गेल्या की पंखा नक्की थांबेल ना?"

"थांबेल," मी म्हणालो. "त्यांच्या कमरेसाठीच तर केलंय."