बादलीतली लाल रेघ

मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं आणि दोन फावडी वाळू गुपचूप घमेल्यात ढकलली.

मुलगी पाणी आणायला आत गेली होती. परसात पिझ्झाची भट्टी बांधायचं खूळ तिचंच. विटांच्या ओट्यावर ओल्या वाळूचा घुमट थापून त्यावर तिने भिजवलेली वर्तमानपत्रं डकवली होती. आता वरून काँक्रीट लिंपायचं आणि ते सुकलं की आतली वाळू उपसायची. इथवर मिस्त्रींना सगळं पटलं होतं. पण ते काँक्रीट! खडी नाही, वाळू नाही. सिमेंटात मिसळायचे ते कुंड्यांच्या मातीत घालतात तसले पांढरे, फुंकरीने उडणारे दाणे.

"हे काँक्रीट आहे की थट्टा?" सकाळीच त्यांनी विचारलं होतं.

"हलक्या मालातून आच बाहेर जात नाही, बाबा."

चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! पण घेतलं. पाठीच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते, आणि पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता आपल्या हातून पुन्हा काही बांधून होणार नाही, या धास्तीने त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. आणि आज लेकीनेच हाक मारली होती, "बादल्या तुम्ही भरा. फक्त आतल्या लाल रेघेपर्यंत हं."

सकाळपासून सहा बादल्या त्यांनी स्वतः उचलून नेल्या होत्या, तेही शीळ घालत.

सातवी, वाळूवाली, त्यांनी रेघेपर्यंत भरली. उचलली मात्र, कंबरेत अशी कळ आली की बादली धपकन खाली.

तेवढ्यात बायको दारात आली. "अहो, न्हाणीघरातला वजनकाटा इकडे कोणी आणला?"

पाणी घेऊन आलेली मुलगी एकदम भलतीकडेच बघू लागली. काटा सिमेंटच्या पोत्याआड होता. त्यावर बादलीच्या बुडाचा राखाडी गोल वाळला होता. मिस्त्रींनी गोलाकडे पाहिलं, मग रेघेकडे. म्हणजे लेकीने रेघ वजन करून मारली होती तर! ते मोठ्याने खाकरले.

"यात वाळू पडलीय," ते म्हणाले.

"कशी?"

"वाऱ्याने."

"पानसुद्धा हलत नाहीये, अहो!" बायको म्हणाली, आणि मायलेकी हसत सुटल्या.

तो माल वाया नको म्हणून त्यांनी ओट्याच्या पायरीला मारला, घमेलं धुतलं आणि नवा माल कालवला, एकही वाळूचा कण न घालता. दुपारभर त्यांची थापी घुमटावरून फिरत राहिली. कुठे दाबायचं नाही, नुसतं बसवायचं, हे ते आता लेकीलाच शिकवत होते.

माथ्यासाठी शेवटची बादली रेघेपर्यंत भरल्यावर त्यांनी ती आधी काट्यावर ठेवली. चार किलो.

"कुंपणाची भिंतही याच मालाची करू," मुलीकडे न बघता ते म्हणाले. "पण डॉक्टर पाच म्हणाले होते. रेघ दोन बोटं वर घे."