नागूबाईंनी भरून धाडलेली बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची नव्हे, बरं का मित्रांनो, चांगली प्रयोगशाळेतली! माझ्या पोटावर 'ओढा' अशी चिठ्ठी होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

धाराशिवच्या कॉलेजातले महालिंगप्पा सर बालाघाटाच्या रानातल्या एका ओढ्याचा अभ्यास करत. पानं कुजली की त्यातलं नत्र मातीत जातं, बरंचसं झाडं पुन्हा शोषून घेतात, उरलेलं ओढ्यातून वाहून जातं. किती येतं, किती जातं, याचं गणित सरांनी मांडलं होतं. ते पडताळायला पाणी लागे. रानाकडेच्या वस्तीवरच्या नागूबाई दर सोमवारी मला ओढ्यात बुडवून भरत आणि एस.टी.ने धाडत. गुरुवारी मी धुऊन परत येई. तीन वर्षं गणित बरोबर जुळलं. ही बाटली खोटं बोलत नाही, असं सर म्हणायचे आणि मी फुगून जायची.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. ओढा आटला. नागूबाईंची एक रीत होती, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. ताकाचा तांब्या आला तरी त्यात चार दाणे टाकून देत. "सरांची बाटली रिकामी कशी धाडू?" म्हणत त्यांनी मला वस्तीच्या आडावर भरलं. आडाला लागूनच सोसायटीचं खताचं गोदाम. फाटक्या पोत्यांतला युरिया आदल्या पावसाळ्यांत तिथंच जमिनीत मुरून आडाच्या पाण्यात उतरला होता.

नत्राचा आकडा एकदम कितीतरी पटींनी चढला. सरांना वाटलं, आपलं गणितच चुकलं. महिनाभर ते कागद फाडत बसले.

इकडं माझा जीव कासावीस व्हायचा. नागूबाईंची सून चांगुणा रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. तिला दूध येत नव्हतं. तिची दोन महिन्यांची पोर पावडरीच्या दुधावर होती आणि ते आडाच्याच पाण्यात कालवलेलं. नागूबाई पाणी उकळून घ्यायच्या, पण उकळून नत्र जात नाही, आणि तान्ह्या लेकराच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. पोरीचे ओठ निळे पडू लागले. दृष्ट लागली म्हणून त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी फळीवरून बघत होते. बाटली काय बोलणार?

शेवटी सर स्वतः आले. ओढा कोरडा ठाक बघून त्यांनी विचारलं, "नागूबाई, पाणी कुठलं भरलंत?"

"आडाचं, सर. आमी बी तेच पितो की."

सरांची नजर पोरीच्या निळ्या ओठांवर गेली आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मिळेल त्या गाडीनं तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी ती गेली.

"माझ्यामुळं झालं व्हय, सर?" नागूबाईंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "तुमची बाटली महिनाभर सांगत होती. मीच गणित दुरुस्त करत बसलो."

मित्रांनो, एक विनवणी आहे. बाटली भरताना पाणी कुठलं ते चिठ्ठीवर लिहा. आणि आकडा नवलाचा आला, तर कागद फाडू नका. पहिल्याच दिवशी उठून ते पाणी पिणाऱ्यांच्या दारी जा.