एम-वनची केटी

राहनाळच्या नाक्यावर माझ्या भावाचा बॅनर लागला तेव्हा मला आधी वाटलं, याचं लग्न ठरलं आणि मलाच कुणी सांगितलं नाही. कल्पेश, काळा गॉगल, हात जोडलेले. खाली मोठ्या अक्षरांत, 'एम-थ्री विषयात घवघवीत यश मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' घवघवीत म्हणजे काठावर पास. शुभेच्छुकांमध्ये आत्या, मामा, माजी सरपंच, जिमचा मालक. आमच्या कुत्र्याचं नाव तेवढं राहिलं होतं. माझंही राहिलं होतं, आणि या पोराला घरी शिकवत होते मी.

इंजिनियरिंगला गणिताचे चार पेपर असतात. एम-वन, एम-टू पहिल्या वर्षी, एम-थ्री, एम-फोर दुसऱ्या वर्षी. एकाच्या खांद्यावर दुसरा बसतो, म्हणून तर त्यांना नंबर दिलेत. पण आपल्याकडे केटी नावाची सोय आहे. नापास झालात? विषय मागे ठेवा, पुढच्या वर्षात जाऊन बसा, मागचं सवडीने काढा. कल्पेशचं एम-वन मागे, एम-टू मागे, आणि पठ्ठ्या एम-थ्रीत पास. बाबा लोकांना सांगायचे, "पोराला दोन केट्या मिलाल्यात." जशा काही बक्षिसाच्या ढालीच मिळाल्या.

बाबा म्हणजे सुभाषशेठ. जमीन आमची, गोडाऊनं आमची. गोडाऊनला पत्रा चढवायच्या आधी जोतं नीट भरलंय का, हे बाबा उन्हात स्वतः उभे राहून बघतात. पोराच्या बाबतीत मात्र त्यांनी थेट पत्रा चढवला आणि वर बॅनर लावला.

आता माझं ऐका. मी प्राजक्ता, बी.एस्सी., गणितात पहिला वर्ग. गेल्या वर्षी पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. बाबा म्हणाले, "आधी कल्पेशचं एम-वन निघू दे, मंग जा. तू गेलीस तर त्याला शिकवनार कोन?" त्याचं एम-वन निघालं नाही, माझी जागा गेली. यंदा पुन्हा नंबर लागला आणि बाबांचं वाक्यही तेच. म्हणजे ज्याने मागचं पास केलं नाही तो ऐटीत पुढे चालला, आणि जिने सगळं पास केलं ती त्याच्या मागच्या विषयापाशी अडली. असला अभ्यासक्रम जगात फक्त आमच्या घरी चालतो.

तेव्हा ठरवलं, या वेळी याला पुन्हा पाठांतर करू द्यायचं नाही. गोडाऊनच्या ऑफिसात रोज संध्याकाळी त्याला बसवलं. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड, आत आम्ही.

"एम-थ्रीत पास कसा झालास रे?" मी विचारलं.

त्याने एम-थ्रीतल्या लाप्लासच्या सूत्रांचा अख्खा तक्ता गणपतीच्या आरतीसारखा धडाधड म्हणून दाखवला. एकही सूत्र चुकलं नाही. मी थक्क झाले. मग त्याच तक्त्यातलं एक साधं फंक्शन घेतलं आणि म्हटलं, याचं डिफरन्सिएशन कर.

"ताय, ते एम-वनमधलं हाय," तो म्हणाला. "ते मला न्हाय येत."

लाज नाही, संकोच नाही. शेजारच्या खिडकीवर जा म्हणून सांगणाऱ्या सरकारी कारकुनाचा चेहरा.

डिफरन्सिएशन का येत नाही म्हणून खाली उतरले, तर लिमिट येत नव्हती. आणखी खाली गेले, तर फंक्शन म्हणजे काय त्याचाच पत्ता नव्हता. त्याच्याही खाली बीजगणित. तिथे साहेबांना एक्स वर दिसला, खाली दिसला की मध्ये अधिक असो नाहीतर उणे, दोन्ही एक्स छाटून मोकळे. शेवटी पाचवीतल्या अपूर्णांकांवर जाऊन टेकलो. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती?

"दोन पंचमांश," तो म्हणाला आणि मोबाईल बघायला लागला.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझं डोकं असं फिरलं की वही त्याच्यासमोर आपटली. "अरे, दोन पंचमांश अर्ध्याहून कमी असतात. आईने तुला अर्धी भाकरी वाढली, वर आणखी तुकडा वाढला, आणि तुझ्या ताटातली भाकरी कमी झाली? जेवशील असं?"

त्याने मोबाईल खाली ठेवला. वही पुढ्यात ओढली.

"ताय, हे मला तवाच समजलं नव्हतं," तो म्हणाला. "पन सगले बोलले, पुढं चल, पुढं चल."

मला त्याची कीव आली. पहिल्यांदाच आली, म्हणून सांगते. पण कीव करून एम-वन निघत नाही. आम्ही भाकरीपासून सुरू केलं आणि एकेक पायरी वर आलो. जिथे कळलं नाही तिथे मी त्याला पुढे सरकू दिलं नाही. रडकुंडीला आला, मला शिव्या घातल्या, आईकडे जाऊन तक्रार केली. आई म्हणाली, "बस गपचूप."

एम-वन निघालं. काठावर नाही, चांगलं निघालं. मला पुण्याला सोमवारी हजर व्हायचं होतं आणि माझी बॅग भरून तयार होती.

नाक्यावर नवा बॅनर लागला, या वेळी बाबांचाही गॉगल. घरी पेढे. बाबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आता एम-टू तेवढं राहिलं. ते निघू दे. मंग जा खुशाल."

मी पेढा परत बॉक्सात ठेवला. राग इतका आला की आवाज उलट शांतच निघाला.

"बाबा, मला केटी लागली."

"तुला? तू तर समद्यात पास हाईस."

"तुमच्या परवानगीत नापास झाले. गेल्या वर्षी आणि आताही. आपल्या घरात मागचं ठेवून पुढे जाता येतं ना? मग मी पुढे जाते. परवानगी सवडीने काढीन."

बाबांनी आईकडे बघितलं. आई आत गेली, माझी बॅग घेऊन आली आणि उंबऱ्याजवळ ठेवली.

"मंग याचं एम-टू?" बाबांनी विचारलं.

"ते एम-वनवरच उभं हाय, बाबा," कल्पेश म्हणाला. "आन् एम-वन मला येतं." त्याने बॅग उचलली आणि बाईकची चावी शोधायला लागला.

बाबा पेढ्यांचा बॉक्स धरून तसेच उभे राहिले. केटी म्हणजे ढाल नव्हे, हातातून काहीतरी निसटलेलं असतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं असावं.