एकही कापायची नाही

"मसावि काढता आला की संसारातला कुठलाही प्रश्न सुटतो," असं गंभीरपणे बजावत सर उखडलेल्या बाथरूममध्ये उकिडवे बसले, आणि मोजपट्टी सर्रकन गुंडाळत येऊन त्यांच्या अंगठ्यावर आपटली.

"अगं, दुसरं टोक धर."

बायकोने धरलं. लग्नापासून ती कशाचं ना कशाचं दुसरं टोक धरतच आली होती.

लांबी दोनशे सोळा सेंटीमीटर, रुंदी एकशे अडुसष्ट. सर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण अख्खी गल्ली त्यांना पाठीमागे अजून 'मसावि'च म्हणायची. दोन्ही संख्यांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या त्यांनी पेन्सिलीने भिंतीवरच काढली: चोवीस. म्हणजे चोवीस सेंटीमीटरची चौकोनी टाइल. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला सात, एकूण त्रेसष्ट.

"एकही कापायची नाही," सर म्हणाले. "टाइल कापणं म्हणजे गणित चुकल्याची कबुली."

दुकानात तीसची होती, साठची होती. चोवीसची नव्हती. सरांनी दुकानदाराला अडाणी ठरवलं आणि दुसऱ्या दुकानात गेले. तिथलाही अडाणीच निघाला. या संशोधनात दोन महिने गेले. सर मागच्या अंगणात अंगावर चार तांबे ओतून मोकळे व्हायचे. बायको मात्र रोज कपड्यांची पिशवी काखोटीला मारून वरच्या मजल्यावर थोरल्या जावेकडे अंघोळीला जायची, आणि जाऊबाई दार उघडताना न चुकता विचारायच्या,

"काय गं, निघाला का भावोजींचा मसावि? पाणी बेताने घे हं, आमच्या टाकीला भागाकार येत नाही."

शेवटी एका दुपारी बायको एकटीच दुकानात गेली. तीसच्या त्रेसष्ट टाइल निवडल्या आणि चोवीसला कापायला सांगितल्या.

"सगळ्या?" दुकानदाराने विचारलं.

"सगळ्या. आणि यांच्यासमोर तोंड उघडू नका."

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मिळाल्या हो, चोवीसच्या."

सरांनी एक मोजली. दुसरी मोजली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघितलंस? माणूस तत्त्वाला चिकटून राहिला की बाजार झक मारत येतो."

मिस्त्रीने कामाला हात घालताना टाइल उलटसुलट करून पाहिली. "सर, एक तरी कापावी लागेल, कारण..."

"एकही नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले. परक्याच्या बाथरूमसाठी डोकं फोडून घेणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने त्रेसष्ट टाइल ओळीने बसवल्या. सर दारात उभे राहून मोजत होते.

सिमेंट सुकलं, सांधे भरून झाले. सरांनी मुद्दाम जाऊबाईंना खाली बोलावून घेतलं. बायकोनेही मोठ्या डौलाने पहिली बादली उपडी केली. पाणी पसरलं, चारही भिंतींना टेकलं, आणि तिथेच थांबलं.

"उतार जरा कमी पडला असेल," सर म्हणाले.

"भावोजी, पाणी जायची जाळी कुठंय?" जाऊबाईंनी विचारलं.

मजुरीचे पैसे घ्यायला आलेल्या मिस्त्रीने पायाच्या अंगठ्याने कोपऱ्यातली एक टाइल दाखवली. "हिच्याखाली. जाळीसाठी कापावी लागली असती. सर नको म्हणाले."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. बायकोने बादली खाली ठेवली.

"कापा," ती म्हणाली.

"अगं, पण तत्त्व म्हणून काही..."

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट कापलेल्याच आहेत. तीसच्या होत्या. मीच कापून आणल्यात."

सर पाण्याखालच्या टाइलकडे बघत राहिले. बायको वाट पाहत होती: संतापाची, नाहीतर निदान शरमेची. सरांचे ओठ हलू लागले. बोटं आपोआप पेन्सिल शोधत खिशाकडे गेली.

"तीस आणि चोवीसचा मसावि," ते म्हणाले, "सहा."

मिस्त्रीने त्या दिवशी टाइल कापायचं मशीन आणलंच नव्हतं.