तुणतुण्याचं हसू

मी एक जुनं तुणतुणं आहे. कुणी सारखं रडगाणं लावलं की लोक म्हणतात, "काय तेच तेच तुणतुणं!" मित्रांनो, ही माझी निव्वळ बदनामी आहे. माझा जन्म लोकांना हसवण्यासाठी झाला.

कोरलेलं लाकूड, खाली चामडं, बाजूला काठी आणि एकच तार, एवढाच माझा पसारा. तात्यारावांनी मला भीमजयंतीच्या जलशासाठी बनवून घेतलं. ते गायचे आणि त्यांच्या पत्नी कांताबाई मला वाजवत त्यांना मध्येच अडवायच्या.

"ज्योतिषी म्हणतो, नशीब बदलतो!"

"हो का? मग त्याचंच छप्पर का गळतं?"

माणसं पोट धरून हसायची आणि घरी जाताना विचार करायची.

तात्याराव गेले आणि कांताबाईंचं गाणंच थांबलं. कात्रजच्या फ्लॅटमध्ये मला खिळा मिळाला. दिवसभर डोळ्यांवर झापड असायची. स्वप्नात पेट्रोमॅक्सचा उजेड आणि हसणारे चेहरे दिसायचे.

परवा अशाच गुंगीत तात्यारावांचं गाणं ऐकू आलं. पण गात होती त्यांची नात, पायल. खराडीतली नोकरी सांभाळून ती रॅप करते. दुसऱ्या दिवशी तिचा पहिलाच कार्यक्रम होता.

"रीलवाला बाबा म्हणतो, नशीब अपग्रेड करतो!"

"हो का? मग त्याचीच स्क्रीन का फुटकी?" तिचा मित्र सौरभ विचारत होता. मग तोच थांबला. "यार, हे कॉमेडी होतंय. प्रश्न कट करू. सिरियस ठेवू."

"ओके, कट," पायल म्हणाली.

जलशाचं उरलंसुरलं हसू माझ्या डोळ्यांदेखत पुसलं जाणार होतं.

इतक्यात स्वयंपाकघरातून कांताबाई आल्या. "प्रश्न काढलास तर उरलं काय? बाबाची जाहिरात!"

"आजी, ही स्टाइल माझी आहे."

"हो का? लहानपणी तुला वरणभात भरवताना घासाघासाला असं कोण विचारायचं?"

पायल हळूच म्हणाली, "मग उद्या तूच विचार ना."

कांताबाईंनी मला खाली काढलं, पदराने पुसलं.

नारायण पेठेतल्या छोट्या सभागृहात पहिल्या प्रश्नाला त्यांचा आवाज कापला. दुसऱ्याला लोक हसले. तिसऱ्याला तर अख्खं सभागृह विचारू लागलं, "हो का?" कांताबाईंनी सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे तात्याराव उभे असायचे. आज तिथे पायल होती. मला फार फार आनंद झाला.

मित्रांनो, जुन्या वाद्यांची धूळ जरूर पुसा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि 'तुम्ही कशावर हसायचात?' असं विचारा. सांगतील ती. नुसतं विचारायचा अवकाश आहे.