बाबांच्या कानाचं मशीन

बाबा गेल्यावर त्यांच्या वस्तू वाटून झाल्या. कानाचं मशीन मात्र आईने कुणाला न विचारता सरळ स्वतःच्या कानात घातलं. तिलाही हल्ली कमी ऐकू यायचं. घरात आयतं असताना नवं कशाला, असा तिचा सरळ व्यवहार. पण मशीन घातल्यापासून ती जास्तच बहिरी झाल्यासारखी वागू लागली. लेक काही बोलली की नुसतं "हं, हं." आणि चमचा पडला की दचकून कान झाकायची. शेवटी लेक तिला, नको नको म्हणत असताना, मशीन बसवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली.

खोली लहान, भिंतींना स्पंज. बाईंनी आईचे कान तपासले, मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावरची रेघ बघून कपाळाला हात लावला.

"काकू, हे घालून वावरताय तुम्ही?"

"का? चालू तर आहे."

"काकांसाठी चालू आहे! त्यांचा जन्म कारखान्यात लेथवर गेला, बारीक आवाज सगळे गेलेले. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मी तेवढेच चढवून ठेवलेत. तुमचं नेमकं उलटं. बारीक येतं, जाड येत नाही. तुम्हाला जे धड ऐकू येतंय, तेच हे खिळ्यासारखं ठोकतंय. असंच चाललं तर उरलेलंही जाईल."

"मग फेकून द्यायचं?"

"फेकायचं कशाला? त्यांचं सेटिंग पुसते, तुमचं भरते. मशीनमध्ये काय हो, आतलं सेटिंग आपलं नसेल तर नुसता प्लॅस्टिकचा दाणा."

आईने वायरीसकट मशीन मुठीत घेतलं. "पुसायचं नाही."

"अगं आई, कान जातील!"

"जाऊ देत." मग ती मुठीकडे बघत म्हणाली, "मी ओट्याशी गेले की तुझे बाबा हे काढून ठेवायचे. मला वाटायचं, माझी टकळी नको म्हणून. किती टोचून बोलले गं मी! लाकडाचे कान म्हटलं. आता स्वतः घातल्यावर कळलं, भांडी कशी वाजत होती त्यांना."

बाबांचा फोन पासवर्डपाशी अडून बसला होता, चष्मा म्हणजे नुसत्या काचा. त्यांच्यासारखं ऐकणारं जगात एवढंच उरलं होतं. लेकीलाही ते पुसायला नकोच होतं. पण घरात एकीने ओरडायचं आणि दुसरीने मान डोलवायची, असे दिवस चालले होते. एक माणूस गेलं होतं. दुसरं समोर असून हाताला लागत नव्हतं.

"हवी तर कॉपी ठेवते," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या कानासाठी?" आईने विचारलं. मग लेकीकडे वळून, "तूच सांग बाई. मला नाही जमायचं."

"पुसा," लेक म्हणाली.

आईची बोटं तिनेच एकेक करून सोडवली. पडद्यावरची रेघ गेली, दुसरी आली. बाईंनी मशीन आईच्या कानात बसवलं आणि त्या लेकीच्या कानाशी कुजबुजल्या, "बोला काहीतरी. नेहमीच्या आवाजात."

आई मान कलती करून, श्वास धरून बसली. थोड्या वेळाने तिचा चेहरा उतरला.

"काहीच येत नाही गं ऐकू."

"मी बोललेच नाहीये अजून, आई."